लेन्सवरचं स्टिकर

पहिल्या दिवशी कारखान्याच्या फाटकावर चौकीतल्या काकांनी माझा फोन हातात घेतला, रुमालाने मागची काच पुसली आणि कॅमेऱ्यावर नखाएवढं लाल स्टिकर चिकटवलं. मधेच कुणी सोललं तर त्यावर पांढरी अक्षरं उमटतात, त्यामुळे लपवता येत नाही. संध्याकाळी बाहेर पडताना ते त्यांनीच काढायचं. सोमवार ते शुक्रवार, रोज नवं स्टिकर. कारखान्यांत हे नवीन नाही, चाकणलाही मी असे नियम पाहिले होते. तरी त्या दिवशी ते मनाला लागलं. कारण खरं सांगायचं तर जपानची नोकरी मी घेतली त्यात अर्धा वाटा कॅमेऱ्याचा होता.

उरलेला अर्धा वाटा कामाचा. चाकणला चार वर्षं पीएलसीवर, म्हणजे कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या संगणकावर, काम केलं होतं. त्याचा प्रोग्रॅम, म्हणजे लॅडर, लिहायचा, सेन्सर तपासायचे, लाइन उभी करून द्यायची. पुण्यात जपानी शिकून एन-फोरची परीक्षा पास झाले होते आणि बाहेर जाऊन काम करायची फार इच्छा होती. ऑफरच्या कागदावर ‘ओकायामा प्रीफेक्चर’ वाचलं तेव्हा आई म्हणाली, “म्हणजे बागेतच चाललीस की!”

पुण्याच्या वाचकांना कळलंच असेल. मी सिंहगड रस्त्यावर वाढले. पु. ल. देशपांडे उद्यान हे पुणे-ओकायामा मैत्रीचं उद्यान, ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं. आमच्या घरात त्याला नुसतं ‘ओकायामा’च म्हणत. “चल, ओकायामात जाऊन येऊ” म्हणजे तळ्यातले मासे बघून, बाहेर भेळ खाऊन परत. मी काढलेला पहिला फोटो तिथलाच, बाबांच्या याशिका एमएफ-टूवर. त्या कॅमेऱ्याला फोकस करायची सोय नव्हती. बाबा सगळ्यांना चार पावलं मागे जायला सांगायचे, एवढाच फोकस. छत्तीस फोटोंचा रोल दिवाळी ते मे पुरवायचा. ज्या गावाच्या नावाने आम्ही भेळ खायला जायचो त्या गावी ऑक्टोबर २०२३ मध्ये मी दोन बॅगा आणि एक सेकंडहँड मिररलेस कॅमेरा घेऊन उतरले.

राहायला कुराशिकी. काम मिझुशिमाला, समुद्रात भर घालून उभ्या केलेल्या औद्योगिक पट्ट्यात. तेलशुद्धी, पोलाद, मोटारी आणि त्यांना माल पुरवणारे आमच्यासारखे. सकाळी छोट्या डिझेल गाडीने जायचं. आठ वाजता रेडिओवरच्या तालावर सगळ्यांनी मिळून व्यायाम. हे राजिओ ताइसो जपानात १९२८ मध्ये सुरू झालं. मग ‘चोरेइ’, म्हणजे सकाळची उभ्याउभ्याची बैठक. मग एकमेकांना “गो-आन्झेन नि”, सुरक्षित राहा, असं म्हणून लाइनवर.

भाषेने सुरुवातीला फार दमवलं. व्याकरण आपल्या जवळचं आहे, क्रियापद शेवटी येतं, वाक्याच्या टोकाला आपण ‘ना’ लावतो तसा ते ‘ने’ लावतात. पण वर्गात शिकलेली जपानी आणि लाइनवरची ओकायामाची बोली यांत पुणेरी आणि मालवणीएवढं अंतर. ‘खूप’ला पुस्तकात ‘तोतेमो’, इथे ‘बोक्के’. आमचे हान्चो, म्हणजे लाइनचे प्रमुख, अठ्ठावन्न वर्षांचे, पहिले दोन आठवडे माझ्याशी सावकाश पुस्तकी जपानी बोलले. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी ते सोडून दिलं. मला त्याचा आनंद झाला, कारण त्याचा अर्थ आता मी तिथली होते.

पण त्यांच्याकडून मी जे शिकले ते भाषेच्या आधी बोटाने शिकले. लाइन सुरू करण्यापूर्वी प्रत्येक गोष्टीकडे हात पूर्ण लांब करून बोट दाखवायचं आणि मोठ्याने म्हणायचं: “दरवाजा बंद, योशी! दाब बरोबर, योशी! आत कुणी नाही, योशी!” योशी म्हणजे ठीक. ही पद्धत जपानी रेल्वेतून आली, इंजिनचालक सिग्नलकडे बोट दाखवून तो मोठ्याने उच्चारायचे तिथून. पहिल्या आठवड्यात माझं बोट अर्धवट उठायचं आणि आवाज तोंडातच राहायचा. हान्चो रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की डोळा नेहमीचं दिसलं की पुढे सरकतो, बोट त्याला थांबवतं.

थंडीत तिथला प्रकाश वेगळा असतो, याबद्दल जरा सविस्तर सांगते. पुणं साडेअठरा अंशांवर आहे. मे महिन्याच्या मध्यावर आपल्याकडे शून्य सावली दिवस येतो, दुपारी खांबाची सावली खांबाच्याच पायाशी. ओकायामा साडेचौतीस अंशांच्या वर, कर्कवृत्ताच्या बरंच उत्तरेला. तिथे सूर्य वर्षातून एकदाही डोक्यावर येत नाही. डिसेंबरात तर भर दुपारी तो क्षितिजाच्या जेमतेम बत्तीस अंश वर असतो. आपल्याकडे फोटोसाठी सकाळचा आणि संध्याकाळचा तास राखून ठेवायचा असतो. तिथे हिवाळ्यात अख्खा दिवस सकाळसारखा तिरपा. उत्तरेला चुगोकूचे डोंगर, दक्षिणेला शिकोकूचे, दोन्हीकडचं बाष्प तिथेच अडतं, म्हणून मधल्या या पट्टीत पाऊस कमी. ओकायामा स्वतःला ‘हारे नो कुनि’, स्वच्छ आकाशाचा प्रदेश, असं म्हणवतं.

कामाच्या दिवसांत मात्र हा प्रकाश मला मिळायचा नाही. संध्याकाळी पाचला सूर्य गेलेला. म्हणून मी पहाटे सायकल काढून कुराशिकीच्या जुन्या वस्तीत जायचे. कालवा, काठाला वाकलेले विलो, पांढऱ्या चुन्याची गोदामं. त्यांच्या भिंतींवर काळ्या चौकोनी फरशा आणि फरशांच्या सांध्यांवर चुन्याच्या गोल फुगीर पट्ट्या. सूर्य कडेने आला की त्या प्रत्येक पट्टीची बोटभर सावली पडते आणि सपाट भिंत एकदम विणलेल्या चटईसारखी दिसते. दहा मिनिटांनी ते संपतं. पुढे ओहारा संग्रहालय, १९३० सालचं, ग्रीक देवळासारखे खांब असलेलं. तिथवर जाऊन मी परत फिरायचे, कारण गाडी गाठायची असायची.

हे फोटो मी घरी पाठवायचे. भारताची घड्याळं साडेतीन तास मागे. आई झोपेतून उठायची तेव्हा माझा चहाचा दुसरा ब्रेक चालू असायचा. डिसेंबरात एकदा ती म्हणाली, “अगं, फोटो सुरेख आहेत. पण एकाही फोटोत माणूस कसा नाही? तू एकटी आहेस का तिथे?”

मी एकटी होतेच, पण तिने ते फोटोंतून ओळखलं. सगळे फोटो पुन्हा पाहिले. भिंती, पाणी, पूल, पाठमोऱ्या छत्र्या. माणसांना कॅमेरा दाखवायची मला भीती वाटत होती, आणि त्या भीतीला मी सौंदर्यदृष्टी समजत होते.

जानेवारीत शिमोत्सुइला गेले. कोजिमा हे जीन्सच्या कापडासाठी प्रसिद्ध गाव. तिथून शिमोत्सुइ बंदरापर्यंत पूर्वी एक छोटी विजेची रेल्वे होती, ती १९९१ मध्ये बंद पडली आणि तिच्या रुळांच्या जागी आता पायवाट आणि सायकलवाट आहे. जुने फलाट तसेच उभे. वाट संपते तिथे डोक्यावर सेतो-ओहाशी, १९८८ मध्ये खुला झालेला प्रचंड पूल, आणि खाली मासेमारांची वस्ती. शिमोत्सुइ ‘ताको’साठी म्हणजे ऑक्टोपससाठी नावाजलेलं. हिवाळ्यात तिथे ते साफ करून, बांबूच्या काड्यांनी ताणून, किनाऱ्याला दोरीवर ओळीने वाळत घालतात.

मी शाकाहारी. वास सहन करायला पाच मिनिटं लागली. नंतर फक्त बघत राहिले. सूर्य मागे होता आणि प्रत्येक पाय आतून उजळला होता, काकवीच्या रंगाचा. चोषक शर्टाच्या बटणांसारखे, वरून खाली लहान लहान होत गेलेले. काड्यांची टोकं कातडीत रुतली होती तिथे पांढरे ठिपके. दोरीच्या पलीकडे एक आजी, डोक्याला रुमाल, हातात रबरी मोजे, एकेक काडी घालत होत्या.

मी रस्त्यापलीकडून मोठी लेन्स लावली आणि न विचारता तीन फोटो काढले. चौथ्याला त्यांनी मान वर केली. काही बोलल्या नाहीत. काम थांबवलं आणि माझ्याकडे पाठ केली.

पडद्यावर तो चौथा फोटो दिसत होता. पाठ, रुमालाची गाठ, एका बाजूला लोंबणारे पाय. लाज वाटली. पाच दिवस माझ्या कॅमेऱ्यावर स्टिकर लागतं तेव्हा मला वाटतं की माझ्यावर विश्वास नाही. आणि इथे कुणी स्टिकर लावायला नाही म्हटल्यावर मी हे केलं होतं.

रस्ता ओलांडला, वाकून माफी मागितली, चारही फोटो त्यांच्यासमोर पुसले आणि विचारलं, “तोत्ते मो इइ देस का?” काढू का?

आता गंमत अशी की जपानीत ‘तोरु’ म्हणजे फोटो काढणं, आणि ‘तोरु’ म्हणजे घेणं, उचलणंसुद्धा. लिहिताना अक्षर वेगळं, उच्चार एकच. आजींनी डोळे बारीक केले. “काय घेणार? फोटो की माझा ताको?” आणि स्वतःच हसल्या. मी म्हटलं, फोटोच. त्या म्हणाल्या, मग आत्ता नको. आत्ता हे मेलेले दिसतात. पश्चिमेचा वारा सुटला की बघ.

मी सुमारे पाऊण तास थांबले. त्या वेळात त्यांना काड्या देत बसले. कुठून आलीस, काय करतेस, आई-वडील आहेत ना, जेवतेस काय, असं सगळं विचारून झालं. अगदी आपल्याकडे एसटीत शेजारी बसलेली मावशी विचारेल तसं. तीनच्या सुमारास खाडीकडून वारा आला आणि दोरीवरची सगळी ओळ एकदम हलायला लागली. पाय उचलले जायचे, फाकायचे, परत मिटायचे. मी ट्रायपॉड लावला, शटर सेकंदाच्या आठव्या भागावर आणलं आणि त्यांना म्हटलं, तुम्ही मात्र हलू नका. त्या हात मांडीवर ठेवून श्वास धरून उभ्या राहिल्या. मग मी फ्रेमच्या चारही कोपऱ्यांकडे बोट दाखवलं. का दाखवलं माहीत नाही, हात आपोआप गेला. योशी. आणि शटर दाबलं.

त्या फोटोत आजी स्थिर आहेत आणि त्यांच्याभोवती बावीस ताको नाचतायत. आईला पाठवला तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “यांना त्यांचा फोटो दिलास का?”

जपानात बहुतेक कन्व्हीनियन्स स्टोअरमधल्या मशीनवर (तेव्हा तीस-चाळीस येनमध्ये) पोस्टकार्डाहून थोडा लहान छापील फोटो निघतो. परदेशात कॅमेरा घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला मी आता हेच सांगते, लेन्स कुठली घ्यायची ते नंतर विचारा, आधी छापून देण्याची सोय शोधा. दोन आठवड्यांनी मी फोटो नेऊन दिला. आजींनी मोजे काढले, हात धुतले, पुसले आणि मग तो दोन्ही हातांनी घेतला. “यात मी माझ्या आईसारखी दिसते,” म्हणाल्या. निघताना वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक वाळलेला ताको माझ्या सायकलच्या टोपलीत ठेवला. नको म्हणणं शक्यच नव्हतं. तो मी सोमवारी हान्चोंना दिला.

मंगळवारी त्यांच्या डब्यात ताकोमेशी, म्हणजे ताको घातलेला भात. तो खाता खाता ते पहिल्यांदा स्वतःबद्दल बोलले. तेही फोटो काढतात. तीस वर्षं, एकच विषय. ओकायामाहून डोंगर ओलांडून इझुमोला जाणारी ‘याकुमो’ एक्स्प्रेस. रेल्वेचे फोटो काढणाऱ्यांना जपानीत ‘तोरितेत्सु’ म्हणतात. हान्चोंना त्या मार्गाचं प्रत्येक वळण पाठ. १९८२ पासून धावणारे, वळणावर कलणारे ते जुने डबे आता जाणार होते. नवी गाडी एप्रिलपासून.

त्यानंतर माझे शनिवार-रविवार बदलले. फेब्रुवारीच्या सुरुवातीला कोराकुएनची हिरवळ जाळतात, ते बघायला गेले. १६८७ मध्ये बांधायला घेतलेली आणि १७०० मध्ये पुरी झालेली ही बाग, पलीकडे नदीपार काळा किल्ला, आणि अंकुर चांगले फुटावेत, कीड मरावी म्हणून मोठमोठी वाळकी हिरवळ रांगेत पेटवत नेणारी माणसं. व्हिडिओ कॉलवर आई घाबरेल असं वाटलं होतं. ती चिपळूणकडची. एका नजरेत म्हणाली, “राब भाजतायत.” मी बागेत भाताचं खाचरही दाखवलं, कारण कोराकुएनमध्ये खरंच भातशेती आणि चहाचा मळा आहे. पुण्याच्या बागेत तळं, पूल, टेकाड सगळं आलं, हे खाचर मात्र मला कोराकुएनमध्येच पहिल्यांदा दिसलं. आईला बाकीच्या बागेपेक्षा तेच आवडलं.

मार्चमध्ये ‘सेइशुन जूहाचि किप्पु’ काढलं. सुट्ट्यांच्या हंगामात साध्या गाड्यांनी पाच दिवस देशभर हिंडायचं तिकीट, तेव्हा १२,०५० येनचं. त्याने याकुमोच्याच मार्गाने डोंगर चढून तोत्तोरीकडे उतरले, शोजी उएदा यांचं छायाचित्र-संग्रहालय बघायला. १९१३ ते २००० असं आयुष्य लाभलेला हा फोटोग्राफर जन्मभर आपल्या गावाकडे राहिला. बायको, मुलं, शेजारी यांना वाळूच्या टेकड्यांवर उभं करून त्याने फोटो काढले. १९९५ मध्ये उघडलेल्या त्या काँक्रीटच्या इमारतीच्या फटींतून दाइसेन पर्वत दिसतो आणि खालच्या पाण्यात त्याचं प्रतिबिंब. पर्वताची उंची १,७२९ मीटर, रामानुजनांचा आकडा, हे बघून मला उगीच घरचं कुणी भेटल्यासारखं झालं. आत एका अंधाऱ्या दालनात भिंतीतल्या मोठ्या लेन्समधून बाहेरचा तोच पर्वत उलटा होऊन पडद्यावर पडतो. मी तिथे बराच वेळ बसले. मी हजारो किलोमीटर ओलांडून आले होते, आणि हा माणूस घराजवळच्या वाळूत उभा राहून इतकं करून गेला होता.

मेमध्ये एका रात्री हान्चो मला गाडीने वाशुझानच्या रस्त्यावरून मिझुशिमा दिसतं त्या जागी घेऊन गेले. ‘कोजो याकेइ’, कारखान्यांचा रात्रीचा देखावा, हा तिथे रीतसर फोटोंचा विषय आहे. चिमण्या, पाइप, टाक्या, हजारो पिवळे आणि पांढरे दिवे, आणि एका टोकाला ज्योत. रोज ज्याच्यात कॅमेरा बंद करून शिरते ते सगळं समोर उघडं पडलं होतं. मी बाबांना फोन लावला. ते म्हणाले, तुझी शेड कुठली? मी बोट दाखवलं, फोनवर ते दिसत नाही हे विसरून.

जुन्या याकुमोचा नेहमीच्या सेवेतला शेवटचा दिवस १४ जून २०२४, शुक्रवार. हान्चोंनी रजा टाकली. मला लाइन सोडता येण्यासारखी नव्हती. त्या दिवशी सगळ्या “योशी” मी म्हटल्या, त्यांच्या जागी उभी राहून.

सोमवारी ते नेहमीसारखे आठच्या आधी आले. जेवणाच्या सुट्टीत खिशातून एक पाकीट काढून माझ्यापुढे ठेवलं. तीस वर्षांचा पाठलाग, म्हणून मला वाटलं होतं की अख्खी गाडी असेल, वळण, नदी, डोंगर. फोटोत गाडीचा चेहरा अर्धाच होता. पुढची काच, काचेवर पलीकडच्या झाडांची सावली, तिच्या मागे चालकाची टोपी, आणि लांब केलेला एक पांढरा हातमोजा. बोट सिग्नलकडे.